घरबसल्या शाळा कोणासाठी?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा मीही काही लिहावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेख लिहिणे हे आपले काम नव्हे, असे मी परोपरीने सांगून पाहिले. परंतु गेल्या श्रावणात मंगळवारच्या वाचनवर्गात घरबसल्या शिक्षणाचा विषय निघाला आणि त्यावर चांगलीच खडाजंगी झाली, हे भगिनींना आठवत असेलच. "तेव्हा एवढ्या तावातावाने बोललात, आता तेच लिहून द्या," असे बाईंनी मला बजावले. म्हणून हा खटाटोप. त्या दिवशी जे नीट सांगता आले नाही, ते वाचनालयातील पुस्तके चाळून येथे मांडते आहे.

आपला वाद असा होता की, शाळेत न जाता घरी बसून शिकण्याची सवलत कोणाला असावी? एक पक्ष म्हणत होता, ज्याला हवी त्याला द्यावी, त्यात कोणाचे काय जाते? दुसरा म्हणत होता, मूल शाळेतच गेले पाहिजे. मी दुसऱ्या पक्षात होते. आज थोडे वाचल्यावर वाटते की, दोन्ही पक्षांनी एक गोष्ट विचारायची राहिली होती. आजपर्यंत ही सवलत कोणाकोणाला मिळाली आणि ती कोणी मागितली होती?

२०२० साली करोनाच्या साथीत आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरात शाळा शिरली, त्यामुळे हा प्रकार अगदी नवा आहे असे पुष्कळांना वाटते. तो नवा नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९१४ साली टपालाने धडे पाठवून मुलांना शिकविण्यास सुरुवात झाली. न्यूझीलंडमध्ये १९२२ साली अशीच टपालशाळा निघाली. आरंभी तिच्यात शिकविणारी एकच बाई होती. दीपगृहावर नोकरीस असलेल्यांची मुले, डोंगरात आणि दूरच्या बेटांवर राहणाऱ्यांची मुले, हे तिचे विद्यार्थी. जवळ शाळा नाही, आणि चार मुलांसाठी शाळा काढणे सरकारला परवडत नाही, अशी ती अडचण होती.

ऑस्ट्रेलियाचा मधला मुलूख तर फारच उजाड. एका घरापासून दुसरे घर कित्येक कोसांवर. तेथे आजाऱ्यांसाठी विमानातून डॉक्टर जात आणि त्यांना बोलावण्यासाठी घरोघरी बिनतारी यंत्रे दिलेली होती. ॲडलेड मीथकी नावाच्या शिक्षणकार्यातील एका बाईंच्या मनात आले की, ज्या यंत्रावरून डॉक्टरांना हाक मारता येते, त्यावरून मुलांना गुरुजींशी बोलता का येऊ नये? त्यातून १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज या गावी आकाशवाणीसारखी, पण दोन्हीकडून बोलता येणारी शाळा सुरू झाली. मूल घरी यंत्रापाशी बसे, बाई गावातून बोलत, आणि लेखी अभ्यास टपालाने जाई-येई. ती शाळा अजून चालू आहे. फक्त बिनतारी यंत्राच्या जागी आता उपग्रहावरून चालणारे इंटरनेट आले आहे.

या शाळांच्या दोन गोष्टी माझ्या मनात भरल्या. एक म्हणजे, मुलाशेजारी घरात कोणीतरी मोठे माणूस बसलेच पाहिजे, हे तेथे गृहीत धरलेले असते. बहुधा ती आईच असते. म्हणजे शाळा घरी आली की शिक्षकाचे निम्मे काम आईच्या पदरात पडते. दुसरी गोष्ट अशी की, शिक्षक अधूनमधून प्रवास करून मुलांच्या घरी जातात आणि वर्षातून काही दिवस सर्व मुलांना एकत्र आणतात. ज्यांनी दुरून शिकविण्यात हयात घालविली, त्यांनाही मुले एकमेकांना भेटल्यावाचून शिक्षण पुरे होते असे वाटले नाही. आणि मूल शाळेपासून दूर राहिले ते अंतरामुळे. ते शाळेला किंवा घराला नकोसे होते म्हणून नव्हे.

दुसरे कारण रोगराईचे. १९३७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ आली आणि सप्टेंबरात उघडायच्या शाळा बंदच राहिल्या. तेव्हा शहरातील रेडिओ केंद्रांनी आपला वेळ दिला, वर्तमानपत्रांनी रोजच्या पाठांचे वेळापत्रक छापले, आणि तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांना पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ रेडिओवरून दिले गेले. शंका विचारण्यासाठी टेलिफोनही ठेवला होता. तरी ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता किंवा ज्यांना तो नीट ऐकू येत नव्हता, ती मुले मागे पडलीच. हा प्रकार तीन आठवड्यांच्या आतच संपला. न्यूझीलंडमध्येही १९४८ च्या आरंभी पोलिओमुळे शाळा बंद होत्या, तेव्हा टपालशाळेचे धडे साऱ्या देशातील मुलांच्या उपयोगी पडले. साथ ओसरली, शाळा उघडल्या, मुले वर्गात परतली. आजारीपणात पथ्याचे खावे, पण बरे वाटल्यावर पुन्हा भाकरीवर यावे, तसे ते होते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या मुलखात घरी शिकण्याचा इतिहास निराळा आहे, आणि तो मुख्यत्वे बायकांचा आहे. १८४८ साली पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीने शाळेत जाणे हाच गुन्हा समजला जाई. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८७३ साली, अकरा वर्षांच्या रमाबाई न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी सून म्हणून आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच शिकविण्यास आरंभ केला, आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खातखात त्या शिकल्या. त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. घरी शिकणे हे त्यांच्या निवडीचे नव्हते. बाहेरचे दार बंद होते, म्हणून खिडकीतून जेवढा उजेड येईल तेवढा त्यांनी घेतला. आणि पुढे हाती सत्ता आल्यावर त्यांनी काय केले? इतर बायकांनी घरीच शिकावे असे सांगितले नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि संसारी व निराधार बायकांना घराबाहेर, वर्गात आणून बसविले.

कर्व्यांच्या घरातील हकीकतही अशीच. गोदूबाई लहानपणी विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, तेथे गोदूबाई शिकावयास राहिल्या. पुढे त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला व त्या बाया कर्वे झाल्या. शारदासदनात त्यांना अक्षरांइतकेच सोबतिणींनीही शिकविले असले पाहिजे. आपल्यासारख्या आणखी आहेत, हे घरच्या माजघरात बसून कोणाला कळते?

अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा महाविद्यालयात विद्यार्थिनी अवघ्या पाच होत्या. या विद्यापीठाने घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मोकळीकही स्त्रियांना दिली. येथे मात्र घरबसल्या शिक्षण खरेखुरे उपकारक ठरले. कारण ज्यांना सवलत मिळाली त्या मोठ्या, संसारात पडलेल्या बायका होत्या. शाळेचे वय निघून गेले होते आणि शिकण्याची हौस त्यांची स्वतःची होती. पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने मुक्त विद्यापीठ झाले, तेही अशाच नोकरी करणाऱ्या, शिक्षण सुटलेल्या माणसांच्या आधाराला आले. आपल्या मंडळातील भगिनींनी चाळिशीत पदवी मिळविली, तेव्हा आपण पेढे वाटले होते ते विसरण्यासारखे नाही.

परंतु जी सवलत चाळिशीच्या बाईसाठी दार उघडते, तीच तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी दार लावू शकते. माझे म्हणणे येथेच आहे.

कायद्याने याचा विचार केलेला दिसतो. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला आणि शाळा मुलाच्या जवळ असावी असे ठरले. २०१२ साली त्यात दुरुस्ती होऊन, ज्या मुलाला तीव्र किंवा एकाहून अधिक प्रकारचे अपंगत्व आहे, त्याला घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही देण्यात आला. तो मुलाचा हक्क म्हणून दिला आहे, हे ध्यानात घ्यावे. "तुमचे मूल सांभाळणे जमत नाही, घरीच ठेवा," असे शाळेने म्हणण्याची ती मुभा नव्हे.

आणि आपल्याकडे आणखी एक वाट निघालेली आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर मुले फिरत, त्यांची शाळा बुडे. त्यांच्या हाती पुस्तके देऊन "फडात बसून वाचा" असे कोणी म्हटले असते तर काय झाले असते? त्याऐवजी काही कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा काढल्या गेल्या, आणि काही गावांतून हंगामापुरती वसतिगृहे झाली. म्हणजे शाळा लांब पडली तर मुलाला घरी बसविणे हा एकच उपाय नसतो; शाळाही चार पावले पुढे येऊ शकते.

२०२० च्या मार्चपासून आपण सर्वांनी घरची शाळा अनुभवली. आमच्या आळीत बहुतेक घरी एकच मोबाईल. तो सकाळी घरधन्याबरोबर कामाला जाई. संध्याकाळी आला की आधी मुलाचा अभ्यास, मग उरलेल्या वेळात मुलीचा. मुलगी तोवर भाजी चिरी, धाकट्याला सांभाळी. २०२१ च्या ऑक्टोबरात शहरातले आठवीपासूनचे वर्ग उघडले, आणि पुढच्या काही महिन्यांत बाकीचेही. मुले गेली. पण आमच्या शेजारची आठवीतली एक मुलगी गेली नाही. "आता घरीच चांगली रुळली आहे, दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरू," असे तिच्या घरचे म्हणाले. मला ते ऐकून कसेसेच झाले. परंतु दुसऱ्याच्या घरात आपण कशाला बोला, म्हणून मी गप्प बसले.

कसेसे होण्याचे कारण माझे मलाच ठाऊक. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडे, दोन कोसांवर. माझे दोघे भाऊ सायकलने जात. मला सांगण्यात आले, "तू घरी अभ्यास कर, वेळ आली की बाहेरून परीक्षेला बसवू." दादांची जुनी पुस्तके मी दोन वर्षे फळीवर नीट लावून ठेवली होती. बाहेरून बसण्याची वेळ आली नाही. फसविण्याचा कोणाचा हेतू नव्हता. आमचे वडील प्रेमळ होते. पण शाळेत जाणाऱ्या मुलाची आठवण रोज सकाळी घंटेबरोबर होते. घरी शिकणाऱ्या मुलीची आठवण फक्त पाणी भरायचे असते तेव्हा होते.

त्या शेजारच्या मुलीचाही फॉर्म भरला गेला नाही.

वाचनवर्गात वहिनींनी मला विचारले होते, "मग ज्या मुलाला दमा आहे, ज्याला वर्गात मुले छळतात, त्यालाही तुम्ही ओढून नेणार काय?" तेव्हा मी उत्तर टाळले. आता देते. दुखणाईत मुलाला घरी शिकवावे, बरे होईपर्यंत, आणि बरे होणारच नसेल तर नेहमीसाठी. पण शिक्षकाने त्याच्या घरी यावे. ज्याला छळले जाते त्याला थोडे दिवस घरी विसावा द्यावा, परंतु छळणाऱ्याचा बंदोबस्त न करता सोसणाऱ्यालाच घरी बसविणे हा न्याय नव्हे. ज्यांच्या मुलखात शाळाच नाही, त्यांना धडे पोचवावेत आणि शाळा मागत राहावी. मोठ्या माणसांना मात्र कोणतेही कारण विचारू नये, शिकू द्यावे. वहिनींचे म्हणणे इतके मला आता पटले आहे की, सरसकट सक्ती बरी नाही.

परंतु शाळकरी मुलासाठी, विशेषतः मुलीसाठी, घरबसल्या शाळेचे ठरत असेल, तर तीन प्रश्न विचारावेत. हे मुलाच्या गरजेसाठी आहे की मोठ्यांच्या सोयीसाठी? घरी तिच्याजवळ बसून शिकविणारे कोण, आणि कोणत्या वेळी? आणि तिचा भाऊ तिच्या जागी असता तर हेच ठरले असते काय? या तिन्हींची सरळ उत्तरे आली तर खुशाल घरी शिकवावे. इतिहासात ज्या ज्या ठिकाणी ही रीत मुलांच्या भल्याची ठरली, तेथे ही उत्तरे सरळ होती.

आपल्याच आळीत यंदा आणखी एक मुलगी सातवी पास झाली आहे. तिच्या घरी "१७ नंबर"चा विषय निघाल्याचे दळणाच्या रांगेत कानावर आले. या वेळी गप्प बसायचे नाही असे मी ठरविले आहे. अध्यक्षबाईंना मी विचारले, त्या बरोबर येण्यास तयार आहेत. वर्धापनदिनाचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही तिच्या आईकडे चहाला जाणार आहोत. भांडायला नव्हे; हे तीन प्रश्न विचारायला, आणि शाळेत जाण्यायेण्याच्या सोबतीचीच अडचण असेल तर आपल्यापैकी कोण कोणत्या दिवशी पोचवील हे ठरवायला. मी सोमवार आणि गुरुवार घेतला आहे. बाकीचे वार मोकळे आहेत. ज्या भगिनींना जमेल त्यांनी माझ्याकडे नाव द्यावे.