गेटच्या आत आणि गेटच्या बाहेर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सेक्टरमधले मोकळे मैदान मैदानच राहावे, यासाठी आम्ही पाचसहा जणांनी एक अर्ज तयार केला होता. प्रश्न होता सह्या कुठे घ्यायच्या हा. नवी मुंबईत रविवारी संध्याकाळी माणसे भेटतात ती मॉलमध्ये. म्हणून एका मॉलच्या फूड कोर्टात आम्ही टेबल धरले, डोसे मागवले आणि शेजारच्या टेबलांवर अर्ज फिरवू लागलो. कोणी घोषणा दिली नाही, कोणाची वाट अडवली नाही. वीस मिनिटांत ३१ सह्या झाल्या. मग सुरक्षारक्षक आला. पोरगा नम्र होता. म्हणाला, “काका, सह्या बाहेर घ्या. इथे परवानगी नाही. प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे ही.”

आम्ही उठलो. बाहेर पाऊस. मॉलचे गेट संपते तिथे गाड्यांची रांग, तिच्यापुढे रिक्षा, त्यापुढे रस्ता. एखाद्याला थांबवून दोन वाक्ये सांगावीत एवढीही जागा नव्हती. तासाभरात चार सह्या मिळाल्या. आमच्यातले एक गृहस्थ इथल्याच जुन्या गावातले. त्यांच्या वडिलांची भातशेती सिडकोसाठी संपादित झालेली. छत्री सावरत ते म्हणाले, “बाहेर म्हणजे कुठं, मास्तर? हे सगळं आमचंच आत होतं.”

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. त्या वाक्याने मला कामाला लावले. ज्या जागेत ‘या, या’ म्हणून सगळ्यांना बोलावले जाते, तिथे कोणी काय बोलावे हे जागेचा मालक ठरवू शकतो का? आपल्याकडे हा प्रश्न यापूर्वी कधी आला होता का? वर्षभर वाचत गेलो. हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

इराण्याची पाटी

मालकाने गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर नियम घालणे मॉलने सुरू केलेले नाही. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या सूचनांच्या पाट्या प्रसिद्धच आहेत. धोबी तलावच्या बास्तानीमधल्या सूचनांवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता लिहिली आणि ती पाटी साहित्यात गेली. ‘येथे राजकीय चर्चा करू नये’ ही पाटी तर मी स्वतः हॉटेलांत आणि केशकर्तनालयांत कितीदा वाचली आहे. तिच्याखाली बसून लोक निवडणुकीवरच बोलत असत, आणि गल्ल्यावरचा शेठ आवाज चढला तरच मान वर करी.

त्या पाटीमागची भीती खोटी नव्हती. भांडण झाले तर काचा त्याच्या फुटणार, पोलीस त्याच्याच दारात येणार. शिवाय एका चहावर दोन तास वाद घालणारे गिऱ्हाईक कोणत्या शेठला परवडेल? पण त्या पाटीला एक मर्यादा होती. इराण्याच्या पायरीखाली रस्ता होता. वाद तिथे नेता येत असे. पुढचे हॉटेल वीस पावलांवर होते आणि तिथला शेठ वेगळा होता.

रस्ता आणि आवार

संविधानाच्या कलम १९ ने भाषणाचे स्वातंत्र्य दिले. ते कुठे वापरायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे लवकरच आला. १९६९ च्या ‘रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग’ या खटल्यात कामगारांनी रेल्वेच्या आवारात घेतलेल्या सभांचा वाद होता. न्यायालयाने सांगितले की भाषणाचा हक्क आहे म्हणून तो दुसऱ्याच्या जागेत, मालकाच्या मर्जीविरुद्ध, वापरता येतो असे नाही. आणि तिथे मालक सरकारच होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, नाण्याची दुसरी बाजू आली. अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी रस्त्यावरच्या सभेला परवानगी नाकारली होती. ‘हिंमतलाल शहा’ खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की सरकार रस्त्यावरच्या सभेचे नियमन करू शकते, पण रस्ता सभेसाठी सरसकट बंद करू शकत नाही. तो वाद मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खालच्या नियमांचा होता, म्हणजे महाराष्ट्रातही चालत असलेल्या कायद्याचा.

हे दोन निकाल एकत्र वाचले की एक सरळ रेषा दिसते: रस्ता लोकांचा, आवार मालकाचा. शहरात रस्ता आणि चौक शिल्लक असेपर्यंत ही वाटणी निभावते.

गिरणीचा दरवाजा

मुंबईच्या कामगारांना ही रेषा न्यायालयाच्या आधीपासून ठाऊक होती. ‘गेट मीटिंग’ हा शब्द मराठीत रुळला तो तिच्यामुळेच. आत मालकाचे राज्य, म्हणून पाळी सुटताना पुढारी गिरणीच्या दरवाजाबाहेर स्टुलावर उभा राही. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले तेव्हा हीच पद्धत तिथे आली.

इथे मला एक गोष्ट सापडली, आणि ती या लेखाचा गाभा आहे. ही रेषा इथल्या विधिमंडळाने दोनदा, जाणूनबुजून, आत सरकवलेली आहे. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ ने मान्यताप्राप्त संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना गिरणीच्या आवारात वर्गणी गोळा करण्याचा, सूचनाफलक लावण्याचा आणि तंटा टाळण्यासाठी वा मिटवण्यासाठी सभासदांशी तिथेच चर्चा करण्याचा हक्क दिला. कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने असेच हक्क इतर उद्योगांतल्या मान्यताप्राप्त संघटनांना दिले. म्हणजे भिंत मालकाची, पण तिच्यावरचा एक फलक कामगारांचा. त्यामुळे मालकी बुडाली, असे कोणी म्हटले नाही.

अर्थात हा हक्क सर्वांना नव्हता. गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही मान्यताप्राप्त संघटना. तिला आतला फलक मिळाला. बाकीचे लाल बावटेवाले आणि १९८२ च्या संपात दत्ता सामंत गेटबाहेरच राहिले. आत कोणी बोलावे हे ठरवण्यातही राजकारण असते, हा धडा विसरता कामा नये. तरीही मूळ मुद्दा उरतोच. खासगी आवारात बोलण्यासाठी मोजकी, नियमात बसणारी जागा कायद्याने करता येते. महाराष्ट्राने ती केली आहे.

महाडचे तळे

‘ही जागा खासगी आहे’ हे वाक्य आपल्या इतिहासात याहून मोठ्या प्रसंगी उच्चारले गेले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा सनातनी मंडळींनी १२ डिसेंबरला दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे स्पृश्यांच्या खासगी मालकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मनाई हुकूम मिळाला. निकाल लागायला दहा वर्षे गेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचे अपील फेटाळले. मालकीचा दावा टिकला नव्हता, आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढीही सिद्ध झाली नाही.

मला त्या डिसेंबरातली दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची वाटते. परिषदेला महाडमध्ये जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. मनुस्मृतीचे दहन झाले ते २५ डिसेंबरला, त्या परिषदेत. एकाच महिन्यात, एकाच गावात, ‘खासगी जागा’ या शब्दांनी एकदा तोंड दाबले आणि एकदा आसरा दिला. खासगी मालकीला सरसकट शत्रू मानणाऱ्यांनी फत्तेखानांची जमीन आठवावी. गावाने दारे लावली तेव्हा मालकाच्या हक्कानेच ती परिषद उभी राहिली.

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांचा उल्लेख आहे. पुढे विहिरी, तलाव, रस्तेही आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून तिथे कोणाला अटकाव करता येत नाही. हा नियम खासगी दुकानदारालाही लागू आहे. ‘दुकान’ शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, पैसे घेऊन सेवा देणाराही त्यात येतो, असे आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितले होते. म्हणजे दुकानात पाऊल टाकण्याचा हक्क संविधानाने मालकाच्या मर्जीवर सोडला नाही. आत गेल्यावर बोलण्याचे काय, याबद्दल मात्र हे कलम गप्प आहे.

दोन नवी शहरे

आता नवी मुंबई. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली ती ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी, याच शब्दांच्या बळावर. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. जमीन गेली होती, तेव्हा ते बोलायला उतरले ते रस्त्यावर. त्या लढ्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली.

संपादित जमिनीचे भूखंड सिडकोने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत ठेवली. रेल्वे स्थानकांबरोबर व्यापारी संकुलेही उभी राहिली. गाडीतून उतरलेला माणूस फलाटावरून थेट दुकानांत शिरतो, अशी या शहराची घडण आहे. जुन्या गावात एसटी स्टँड, पार, बाजारपेठ यांनी जे काम केले, ते इथे संकुले आणि मॉल करतात. सिडकोने उद्याने आणि मैदाने ठेवली, हे खरे. पण गर्दी जिथे आपोआप जमते, ती जागा भाडेपट्ट्याने गेली.

अशीच गोष्ट इंग्लंडच्या ईशान्येकडच्या वॉशिंग्टन नावाच्या नव्या शहरात घडली. तिथेही सरकारने विकास महामंडळ नेमले आणि त्याने शहराच्या मध्यभागी बाजारसंकुल बांधले. १९८७ च्या अखेरीस ते एका खासगी कंपनीला विकले गेले. १९९८ मध्ये मेरी ॲपलबी आणि त्यांचे सहकारी तिथे सह्या गोळा करू लागले, तेव्हा त्यांना मनाई झाली. त्यांचा अर्ज मैदानावरच्या बांधकामाविरुद्ध होता! ते वाचताना मी खुर्चीत सरळ झालो.

प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. ६ मे २००३ च्या निकालात सहा विरुद्ध एक अशा मतांनी ॲपलबी हरल्या. त्यांना घरोघरी जाता येते, जुन्या बाजारात, रस्त्यावर उभे राहता येते, असे न्यायालय म्हणाले. मात्र एक फट त्याने उघडी ठेवली. अशा मनाईमुळे बोलण्याचा हक्कच निरर्थक होत असेल, उदाहरणार्थ सबंध गाव एका कंपनीच्या ताब्यात असेल, तर वेगळा विचार होऊ शकेल. त्यामागे अमेरिकेतला १९४६ चा ‘मार्श’ खटला होता. अलाबामातले चिकसॉ हे गाव एका जहाजबांधणी कंपनीचे. तिथल्या पदपथावर धर्मपत्रके वाटणाऱ्या बाईंना शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मालक जागा जितकी लोकांना खुली करतो, तितके त्याचे हक्क लोकांच्या हक्कांनी मर्यादित होतात, हे त्या निकालाचे सार. १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने मॉलना हे सूत्र लावायला नकार दिला. १९८० मध्ये मात्र, एखाद्या राज्याने आपल्या संविधानाने मॉलमध्ये सह्या घेण्याचा हक्क दिला तर त्यात मालकाची लूट होत नाही, असे कॅलिफोर्नियाच्या बाबतीत मान्य केले.

आपल्याकडे ३ जानेवारी २०२३ रोजी ‘कौशल किशोर’ खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने म्हटले की कलम १९ आणि २१ चे हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. न्या. नागरत्ना यांचे मत या मुद्द्यावर वेगळे होते. मॉलच्या फरशीपर्यंत हे सूत्र कसे पोचते, ते पुढचे खटले ठरवतील. पण तोवर हात बांधून बसायची गरज नाही.

पट्ट्यातली एक ओळ

त्या संध्याकाळी रक्षकाने कायदा मोडला, असे मी म्हणत नाही. १९६९ चा निकाल त्याच्या बाजूचा आहे. मॉलमध्ये कर्णे लावून सभा भरावी, असेही मला वाटत नाही. लेकराला घेऊन आलेल्या बाईला शांतपणे डोसा खाता आला पाहिजे, आणि मालकाच्या काचा शाबूत राहिल्या पाहिजेत. माझी तक्रार आधीच्या पायरीवर आहे. सार्वजनिक प्रयोजनासाठी घेतलेली जमीन भाडेपट्ट्याने देताना मजले किती, गाड्या किती, झाडे किती, याच्या अटी घातल्या जातात. मग शहराच्या गर्दीची जागा देताना, तिथे नागरिकाला एक फलक आणि एक कोपरा असावा, ठरावीक वेळात, कर्ण्याशिवाय, कोणत्याही पक्षाला वा मताला डावे-उजवे न करता, ही अट का नसावी? गिरणीच्या भिंतीवरचा फलक १९४६ मध्ये जमला, तो मॉलच्या भिंतीवर न जमण्याजोगे काय आहे?

मैदानाचा अर्ज आम्ही पुढे घरोघरी जाऊन पुरा केला, अगदी युरोपीय न्यायालयाने सुचवल्यासारखा. त्याला पाच रविवार लागले. दोन सोसायट्यांच्या गेटवरही आम्हाला तेच वाक्य ऐकावे लागले, “प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे.” अर्ज दिला, पोच मिळाली. आता दुसरा अर्ज लिहायला घेतला आहे, भाडेपट्ट्यातल्या त्या एका ओळीसाठी. पहिली सही कोणाची घ्यायची, हे ठरले आहे. ज्यांच्या वडिलांचे भातशेत इथे होते, त्यांची. ती घ्यायला मात्र मला त्यांच्या जुन्या गावातल्या ओटीवर जावे लागेल. तिथे अजून कोणी उठवत नाही.