परवान्यापूर्वीचे केंद्र : माचनूरच्या संगम रेडिओचा इतिहास

भारतीय नभोवाणीच्या इतिहासात एखाद्या केंद्राचा आरंभ सामान्यतः पहिल्या प्रक्षेपणाच्या दिवसापासून मोजला जातो. आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र ३० ऑक्टोबर १९८४ रोजी नागरकोइल येथे सुरू झाले, असे त्यामुळेच निःसंदिग्धपणे सांगता येते. तेलंगणातील जहिराबाद या छोट्या शहराजवळच्या माचनूर येथील संगम रेडिओला मात्र हा निकष पुरेसा ठरत नाही. (सोलापूर जिल्ह्यातील भीमाकाठच्या माचणूरशी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे.) या केंद्राची वास्तू व ध्वनिमुद्रणकक्ष युनेस्कोच्या साहाय्याने १९९८ मध्ये उभे राहिले, प्रक्षेपणास १५ ऑक्टोबर २००८ हा दिवस उजाडावा लागला. मधली दहा वर्षे हाच या केंद्राच्या इतिहासाचा गाभा होय.

सोलापूर-हैदराबाद मार्गावरील हा कोरडवाहू परिसर तेव्हा मेदक जिल्ह्यात मोडत असे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने येथील गावोगावच्या स्त्रियांचे 'संगम' संघटित केले. संस्थेचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश हे स्वतः पूर्वी दूरदर्शनमध्ये कार्यक्रमनिर्माते होते. संगमातील बहुसंख्य स्त्रिया दलित व अल्पभूधारक होत्या. ज्वारी, राळा, तूर यांची मिश्र पेरणी, बियाण्यांची राखण, घरगुती औषधोपचार हे त्यांचे ज्ञान सर्वस्वी मौखिक होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीला छापील पत्रिकेचा उपयोग नव्हता आणि हैदराबादहून ऐकू येणारी प्रमाण तेलुगू तिच्या घरची नव्हती. स्वतःच्या बोलीतील स्वतःचे केंद्र ही मागणी अशा परिस्थितीतून पुढे आली.

अडसर कायद्याचा होता. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमान्वये प्रक्षेपणाचा विशेषाधिकार शासनाकडे होता. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्या. पी. बी. सावंत हे त्या पीठातील एक न्यायमूर्ती होते. तथापि निर्णयाचा लाभ कोणत्या क्रमाने पोहोचला, हे पाहण्यासारखे आहे. खाजगी कंपन्यांना लिलावाद्वारे एफ.एम. वाहिन्या मिळाल्या व २००१ मध्ये बंगळूर येथे पहिली वाहिनी सुरू झाली. डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना मुभा मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र कार्यान्वित झाले. स्वयंसेवी संस्थांसाठी नोव्हेंबर २००६ उजाडला. सार्वजनिक मालमत्तेत बाजाराचा वाटा आधी आणि खेड्याचा सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे.

माचनूरच्या स्त्रियांनी या काळात कक्षाला कुलूप लावले नाही. त्यांनी कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले व त्यांच्या ध्वनिफिती संगमांच्या बैठकींत ऐकवल्या. तांत्रिक परिभाषेत याला प्रक्षेपण म्हणता येणार नाही. परंतु निर्मिती, वितरण व श्रोतृवर्ग ही केंद्राची तिन्ही अंगे येथे विद्यमान होती. किंबहुना ध्वनिफीत संपल्यावर त्याच बैठकीत चर्चा होऊ शकत असे, ही सोय प्रत्यक्ष नभोवाणीतही सहसा नसते. या पर्वाला केवळ प्रतीक्षाकाळ समजणे म्हणूनच उचित नाही.

परवाना मिळाल्यानंतर ९०.४ मेगाहर्ट्‌झवर सुरू झालेले हे स्वयंसेवी संस्थेने चालविलेले देशातील पहिले सामुदायिक केंद्र ठरले. जनरल नरसम्मा व अल्गोल नरसम्मा या दोन ग्रामीण तरुणी त्याचे संचालन करू लागल्या. प्रक्षेपणशक्तीची मर्यादा शंभर वॅट होती व स्वतंत्र वार्तापत्रास मनाई होती. शेतीची कामे आटोपल्यानंतरची, सायंकाळी सात ते नऊ ही वेळ प्रसारणासाठी निवडण्यात आली. उद्घाटन न्या. सावंत यांच्या हस्ते झाले. त्या दिवशी 'नव्या' केंद्राच्या संग्रही शेकडो तासांचे ध्वनिमुद्रण आधीच जमा होते.