आधी पाण्याला वाट

मोबाईलवर लेव्हलचं अ‍ॅप उघडून मी ते व्हॅनच्या फरशीवर ठेवलं. डावीकडे तीन अंश उतार. तीन अंश म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण दोन चाकांमधलं अंतर पावणेदोन मीटर धरलं तर एक बाजू दुसरीपेक्षा नऊ सेंटिमीटर खाली जाते. एवढ्यात सिंकमधलं पाणी भोकाकडे न जाता कोपऱ्यात साचतं, दार आपोआप उघडतं आणि झोपलेला माणूस रात्रभर शेजाऱ्याच्या अंगावर घसरत राहतो.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. कोल्हापूरहून भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन आम्ही चौघं मित्र आंब्याच्या दिशेनं निघालो होतो. मलकापूरच्या पुढे एका शेतकऱ्यानं बांधालगतच्या मोकळ्या तुकड्यात गाडी लावायला परवानगी दिली. तुकडा हिरवागार होता आणि खाली ओढा वाहत होता. फोटोला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

गाडी समतल करायची रीत साधी आहे. आधी आडवा उतार काढायचा. त्यासाठी खालच्या बाजूच्या चाकांसमोर फळ्या ठेवायच्या आणि गाडी त्यांच्यावर चढवायची. मग हँडब्रेक ओढायचा, चाकांना दगडांची उटी लावायची. शेवटी चार कोपऱ्यांतले लोखंडी पाय खाली सोडायचे, प्रत्येकाखाली रुंद फळी घालून. हे पाय गाडी उचलण्यासाठी नसतात. आत कुणी चाललं की गाडी हलू नये, एवढंच त्यांचं काम. वजन चाकांवरच राहायला हवं.

मी इंजिनिअर असल्यामुळे हे सगळं मला माहीत होतं. तरी अंधार पडत आला म्हणून मी आळस केला. चाकांखाली फळ्या न घालता डावीकडचे दोन पाय फिरवून गाडी उचलली. अ‍ॅपवर शून्य आलं, मी त्याचा स्क्रीनशॉट काढला.

रात्री परतीचा पाऊस आला. दोनच्या सुमारास मागचा पाय लाल मातीत वीतभर खचला आणि गाडी धाडकन डावीकडे बसली. भांडी खाली आली, एकाच्या कपाळाला खोक पडली. गाडी ओढ्याच्या बाजूला हातभर सरकली आणि थांबली. टॉर्च घेऊन बाहेर आलो तेव्हा ती का थांबली ते कळलं. खालच्या चाकाला दोन मोठे दगड होते. ते मी लावलेच नव्हते.

सकाळी शेतकरी मामा आले. संध्याकाळी जाताना दगड त्यांनीच लावले होते, बैलगाडीला लावतात तसे. गाडीकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, पाणी कुठनं जाणार ते बघिटलं काय?"

"नाही ओ मामा. लेव्हल बघितली."

"आधी पाण्याला वाट द्यायची. मग गाडीला जागा."

आम्ही जिथं उभे होतो, त्याच पट्ट्यात तीनशे वर्षांपूर्वी जगातल्या सर्वांत मोठ्या फिरत्या छावण्यांपैकी एक चिखलात रुतली होती, हे मला घरी परतल्यावर वाचताना लक्षात आलं.

मुघल बादशहाची छावणी म्हणजे चालतं शहर. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त तिचा हिशेब आहे. शाही तळाच्या एका संचाच्या वाहतुकीला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. तंबू उभारायला १,००० फरास. पुण्यातल्या फरासखान्याचं नाव याच शब्दातून आलं. आणि जमिनीच्या कामाला ५०० बेलदार.

तंबूंचे संच दोन असत. बादशहा एका तळावर झोपलेला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना होई. १६६५ च्या सुमारास औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला गेलेला फ्रेंच डॉक्टर बर्निये यानं हे काम पाहून लिहून ठेवलं. आधी जागा आखायची. मग शंभरेक बेलदार ती साफ आणि सपाट करणार, मातीचे चौकोनी ओटे घालणार, आणि त्या ओट्यांवर तंबू उभे राहणार. ओट्याचे फायदे दोन: फरशी समतल मिळते आणि पावसाचं पाणी तंबूत शिरत नाही. आमच्या मामांनी दोन वाक्यांत सांगितलेली गोष्ट तीच होती.

ही यंत्रणा उत्तरेच्या मैदानात उत्तम चालली. दख्खनमध्ये तिचा कस लागला.

१७०० साली साताऱ्याचा आणि परळीचा किल्ला घेऊन औरंगजेब पुढे निघाला आणि माण नदीकाठी खवासपूरला थांबला. आज हे गाव सोलापूर जिल्ह्यात, सांगोल्याच्या बाजूला आहे. छावणीचा बराच भाग नदीच्या कोरड्या पात्रात पसरला होता. वाळू सपाट असते, मोकळी असते. बेलदारांना तिथं फारसं काम पडलं नसेल. १ ऑक्टोबरच्या रात्री वर डोंगरात पाऊस झाला आणि मध्यरात्री लोंढा छावणीत शिरला. गलका ऐकून मराठ्यांचा हल्ला झाला असं वाटून बादशहा घाईनं उठला, अडखळला आणि त्याचा गुडघा निखळला. वय ब्याऐंशीच्या घरात. तो पाय पुन्हा नीट झाला नाही. उरलेलं आयुष्य तो लंगडत चालला. हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा, असं म्हणून दरबाऱ्यांनी त्याचं समाधान केलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात पन्हाळा त्याच्या हाती आला आणि वर्षाअखेरीस त्यानं खेळण्याला, म्हणजे आपल्या विशाळगडाला वेढा घातला. वाट मलकापूर आणि आंबा घाटातून होती. तोफा आणि तंबू नेण्यासाठी बेलदार आणि पाथरवट लावून घाटाचा रस्ता आधी चालण्याजोगा करावा लागला. वेढा १७०२ च्या जूनपर्यंत चालला. शेवटी परशुराम त्रिंबक प्रतिनिधींना दोन लाख रुपये देऊन किल्ला ताब्यात घेतला गेला.

तोवर पावसाळा लागला होता. १० जूनला छावणी परत फिरली आणि १७ जुलैला पन्हाळ्याजवळ पोचली. अंतर साधारण ३० मैल, दिवस ३८. मी भागाकार केला: दिवसाला सव्वा किलोमीटर. आज हेच अंतर आपण चहाला थांबूनही दोन तासांत कापतो.

वाटेत ओढ्यांना पूर, पायाखाली चिखल. आमचा एक लोखंडी पाय त्या मातीत वीतभर गेला, मग लादलेल्या हत्तीचा आणि तोफगाड्याचा पाय किती जात असेल? वजन थोड्या जागेवर आलं की ओली माती ते पेलत नाही. ते पसरवावं लागतं. फळी हेच करते, मातीचा ठोकून घट्ट केलेला ओटा हेच करतो. पण धो धो पावसात ओटा ठोकायचा कसा? जगातली सर्वांत सुसज्ज छावणीही तिथं हतबल झाली. मराठ्यांच्या फौजा याच मुलखात हलक्या सामानानं फिरत होत्या. त्यामागे हे गणित होतंच.

यात मला टोचलेली गोष्ट वेगळी आहे. बादशहाचा गुडघा तारखेसकट इतिहासात नोंदला गेला. त्या ३८ दिवसांत भर पावसात वाट करून देणारे बेलदार मात्र केवळ आकडा म्हणून उरले. 'बेल' म्हणजे फावडं. तेच त्यांचं नाव झालं. आज बेलदार समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. ज्यांनी दुसऱ्यांच्या मुक्कामासाठी जमीन सपाट केली, त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला स्वतःची जमीन आली नाही.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या आता आपल्याकडेही वाढतील. त्यांच्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत समतल कसं करायचं ते लिहिलेलं असेलच. पाणी कुठून येतं हे मात्र गावातल्या माणसाला विचारावं लागतं. खवासपूरला माण नदीचा स्वभाव ठाऊक असलेलं कुणीतरी नक्की असणार. त्याला कुणी विचारलं होतं का, कोण जाणे.

त्या सकाळी मामांनी आमच्याकडून वरच्या बाजूला कुदळीनं एक आडवा चर खणून घेतला. मग चाकांखाली फळ्या, पायांखाली फळ्या. दुसऱ्या रात्रीही पाऊस झाला. पाणी चरातून वळून ओढ्याला गेलं. अ‍ॅपवर अर्धा अंश उतार दिसत होता. तो मी तसाच राहू दिला. निघताना ते दोन दगड उचलून बांधावर ठेवले आणि मामांना त्यांचं नाव विचारलं, कारण दोन दिवसांत ते विचारायचंच राहून गेलं होतं.