उंच शेडच्या भिंतीला प्लाय लावायचाय? मोठ्या शीटचा नाद सोडा, ८ बाय ४ मध्येच बसतो हिशोब

परभणी : गॅरेज, सुतारकामाचं दुकान, मोटार रिवायंडिंग, फॅब्रिकेशन... जिल्ह्यातल्या नऊही तालुक्यांत रस्त्याच्या कडेला १२ ते १६ फूट उंचीची पत्र्याची शेड उभी राहत आहेत. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या घरात गेला की पत्र्याची भिंत आतमध्ये भट्टीसारखी तापते. म्हणून आतून प्लाय लावायचा विचार अनेक जण करतात. अवजारं टांगता येतात, आवाज कमी होतो, भिंतीची धग थेट अंगावर येत नाही. पण भिंत उंच, म्हणून शीटही उंचच पाहिजे, असा समज करून घेतला की खर्च वाढतो. तो कसा टाळायचा, याची ही माहिती.

शीट आठ फुटांचीच का?

देशात प्लायचं सर्वसाधारण माप ८ बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. हरियाणातलं यमुनानगर हे प्लायचं मोठं केंद्र. तिथले असोत की इतर ठिकाणचे, बहुतेक कारखान्यांतले प्रेस याच मापाचे असतात. त्यामुळे हा माल सगळीकडे मिळतो आणि दुकानादुकानांत भावाची चढाओढही असते. ७ बाय ४, ६ बाय ४ आणि ८ बाय ३ ही लहान मापंही मिळतात. १० बाय ४ ची शीट मात्र बहुतेक वेळा ऑर्डर देऊन मागवावी लागते. तिथे घासाघीस करायला वाव राहत नाही.

वाहतुकीचाही प्रश्न आहे. ‘छोटा हत्ती’चा हौदा सात फुटांच्या आसपास असतो. ८ फुटी शीट थोडी बाहेर येते, पण बांधून नेता येते. १० फुटी शीटला मोठी गाडी लागते, आणि गावच्या रस्त्यावर हेलकावे खात कोपरे तुटले तर शीट वाया जाते.

उंचीप्रमाणे हिशोब

८ बाय ४ च्या एका शीटचं क्षेत्रफळ ३२ चौरस फूट. भिंत ३० फूट लांब धरून हिशोब असा :

१० फूट उंची : खाली एक फूट विटेचं किंवा काँक्रीटचं जोतं, त्यावर ८ फुटांची उभी शीट, वर एक फूट जाळी. गरम हवा वरून निघून जाते. ७ अख्ख्या शीट आणि एका शीटची २ फूट रुंद पट्टी, म्हणजे ८ शीट.

१२ फूट उंची : खालची रांग उभी (८ फूट), वरची रांग आडवी (४ फूट). एकूण १२ शीट.

१६ फूट उंची : उभ्या शीटच्या दोन रांगा. ७ शीटची एक रांग, अशा १४ शीट. दोन्ही रांगांत २ फुटांची जागा उरते. एकच शीट उभी मधोमध कापली की दोन्ही भरतात. एकूण १५ शीट, वाया काही नाही.

शेड नवीन बांधायचं असेल तर उंची आधीच या मापात बसवा. १७ फूट ठेवली तर १ फूट जोतं आणि १६ फूट प्लाय. १८ फूट केली की दोन फुटांसाठी पुन्हा कापाकापी.

कोणता प्लाय, किती जाडीचा?

नुसतं झाकायचं असेल तर ६ किंवा ९ मिलिमीटर पुरतो. पाने, हातोडे, साखळ्या टांगायच्या असतील तर १२ मिलिमीटर घ्या. १८ मिलिमीटर भिंतीसाठी लागत नाही, तो फर्निचरचा माल. १२ मिलिमीटरची एक शीट साधारण २० ते २५ किलोची असते. वरच्या रांगेसाठी दोन माणसं आणि पक्की परांची पाहिजेच.

‘कमर्शियल’ किंवा एमआर म्हणून मिळणारा प्लाय ओलावा थोडाफार सोसतो, गळतं पाणी सोसत नाही. ज्या भिंतीवर पावसाची झड येते, तिथे तो फुगतो. तिथे वॉटरप्रूफ घ्या. शिक्क्यावर आयएस ३०३ असेल तर तो सर्वसाधारण वापराचा आणि आयएस ७१० असेल तर मरिन. आयएसआय शिक्क्याखालचा परवाना क्रमांक मोबाइलमधल्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकला की तो खरा की खोटा ते तिथेच कळतं.

स्वस्तात कुठून मिळवायचा?

पहिला मार्ग, एकत्र खरेदी. सेलू, मानवत, पाथरीसारख्या ठिकाणच्या तीन-चार दुकानदारांनी मिळून ५०-६० शीटची मागणी काढली, तर परभणी किंवा नांदेडच्या घाऊक दुकानात भावावर बोलता येतं आणि गाडीभाडंही वाटलं जातं.

दुसरा मार्ग, सेंट्रिंगचा वापरलेला प्लाय. स्लॅबच्या कामात वापरलेला काळा-तपकिरी गुळगुळीत प्लाय सेंट्रिंगवाले काही कामांनंतर काढून टाकतात. भिंतीसाठी तो चालतो. मात्र कडा फुगलेल्या नाहीत ना ते बघा, खिळे काढून घ्या आणि चिकटलेलं सिमेंट खरवडा. सेंट्रिंगचं तेल प्यायलेला प्लाय मात्र लवकर पेट घेतो, तो वेल्डिंगजवळ अजिबात नको.

तिसरा मार्ग, डाग पडलेला किंवा कोपरा तुटलेला माल. रंग द्यायचाच असेल तर डागाने काही बिघडत नाही. कोपरा तुटलेली शीट कापून पट्ट्यांसाठी वापरता येते.

भाव विचारताना तो नेहमी चौरस फुटाचा विचारा आणि जीएसटी धरून विचारा. समजा भाव ५० रुपये फूट सांगितला, तर शीट १६०० रुपयांची. त्यावर १८ टक्के जीएसटी २८८ रुपये, म्हणजे १८८८. वर भाडं आणि हमाली. ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हणणाऱ्याकडून घेतलेला माल खराब निघाला तर दाद कुठे मागणार? पक्कं बिल घ्या.

घेताना हे तपासा

चारही बाजूंनी जाडी मोजा, १२ च्या नावाखाली कमी जाडीचा माल खपवला जातो. कडेने थर बघा, मध्ये फट दिसली तर ती शीट बाजूला काढा. नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आत थर सुटलेले असतात. वॉटरप्रूफ म्हणून देत असतील तर तुकडा मागा आणि घरी चार तास पाण्यात उकळवा. थर सुटले तर तो वॉटरप्रूफ नाही.

बसवताना

चौकोनी पाइपचा सांगाडा दोन-दोन फुटांवर करा, म्हणजे प्रत्येक जोड पाइपवरच येतो. जिथे दोन रांगा मिळतात, तिथे एक आडवा पाइप लागतोच. कडेला सहा इंचांवर आणि मध्ये एक फुटावर स्क्रू मारा. दोन शीटमध्ये ३ मिलिमीटर फट सोडा, पावसाळ्यात प्लाय फुगतो. जोडावर लाकडी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी मारली की फट दिसत नाही. पत्रा आणि प्लाय यांच्यात किमान एक इंच मोकळी जागा ठेवा. प्लाय जमिनीला टेकवू नका. ओल आणि वाळवी दोन्ही खालूनच चढतात.

वेल्डिंगच्या दुकानात सावधान

प्लाय हे शेवटी लाकूडच. वेल्डिंग-ग्राइंडरची ठिणगी लांब उडते. म्हणूनच अशा कामापासून ३५ फुटांच्या आतलं जळाऊ सामान हलवावं किंवा झाकावं, असा सुरक्षेचा नियम जगभर पाळला जातो. आपल्याकडे अख्खं शेडच ३० फुटांचं असतं. त्यामुळे वेल्डिंगच्या बाजूची भिंत सिमेंट बोर्डाने किंवा पत्र्यानेच झाका. सिमेंट बोर्डही ८ बाय ४ मध्ये मिळतो, हिशोब बदलत नाही. तो कापताना तोंडाला मास्क लावा. अग्निरोधक प्लाय (आयएस ५५०९) उशिरा पेटतो, पण पेटतच नाही असं नाही. विजेच्या वायरी प्लायच्या मागून उघड्या नेऊ नका, पाइपातून न्या.

मग मोठी शीट कधी घ्यावी?

जोड अजिबात चालत नसेल तरच, जसं की मोठ्या टेबलाचा वरचा भाग किंवा रंगकामाच्या खोलीतली सपाट भिंत. बाकी गॅरेजच्या भिंतीवर जोडावर मारलेली पट्टी कोणी बघत नाही. तेच पैसे सांगाड्यात आणि चांगल्या प्रतीच्या प्लायमध्ये घातले तर भिंत जास्त वर्षं टिकते.