अरुंद कार्व्हिंग स्की आणि तिला बसणारं बाइंडिंग: जुळणी नेमकी कुठे अडते?

फोनची केबल हरवली तर आपण फार विचार करत नाही. टाइप-सी आहे ना, मग कुठलीही घे आणि लाव. पण अनुभव तुम्हालाही असेल. पोर्ट तेच, तरी एका केबलने फोन झरझर चार्ज होतो, दुसरीने रात्रभर रखडतो आणि तिसरीने लॅपटॉपला डेटाच जात नाही. बाहेरून आकार जुळला म्हणजे आतून सगळं जुळलं असं नसतं. स्कीच्या जगात हीच भानगड आहे. फरक एवढाच की तिथे जुळलं नाही तर पाय मोडू शकतो.

मी म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. आल्प्सचे उतार इथून ट्रेनने दीड तासाच्या अंतरावर आहेत, त्यामुळे ऑफिसातल्या मराठी पोरापोरींनाही एक-दोन हिवाळ्यांत स्कीचं वेड लागतंच. मग सेकंडहँड सामानाच्या अ‍ॅपवर शोध सुरू होतो आणि मला ठरलेला मेसेज येतो: ‘कार्व्हिंग स्की एकदम स्वस्तात मिळतेय, बाइंडिंग नंतर लावू, चालेल ना?’ चालेल की नाही हे चार गोष्टींवर ठरतं. आणि स्की जितकी अरुंद, तितक्या त्या चार गोष्टी जास्त नखरे करतात.

अरुंद म्हणजे किती?

स्कीच्या मधल्या, बुटाखालच्या भागाला कंबर म्हणतात आणि तिची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात. आजकाल दुकानात सर्रास दिसणाऱ्या ‘कुठेही चालेल’ प्रकारच्या स्कीची कंबर ८० ते ९५ मिमी असते. खोल भुसभुशीत बर्फासाठीच्या स्की १०० च्या पुढे जातात. अरुंद कार्व्हिंग स्की मात्र ६५ ते ७२ च्या आसपास. स्लॅलम शर्यतीच्या स्कीची कंबर किमान ६३ मिमी हवी आणि जायंट स्लॅलमची जास्तीत जास्त ६५, असा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियमच आहे.

गंमत म्हणजे कार्व्हिंगची क्रांती कंबर बारीक केल्यामुळे झाली नाही. जुन्या, दोन मीटर लांबीच्या सरळ स्कीची कंबरही साधारण एवढीच होती. बदललं ते पुढचं टोक आणि शेपूट. स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीत युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच या इंजिनिअरांनी दोन्ही टोकं चांगलीच रुंद केली आणि १९९३ च्या सुमारास त्यांची एससीएक्स ही स्की बाजारात आली. स्की कडेवर कलती केली की ती वाकते आणि तिची वक्र कड बर्फात गोल रेघ कापत जाते. घसरत नाही, कापते. कार्व्हिंग ते हेच.

गणित आवडत असेल तर हे बघा. पुढे ११८, कमरेला ६६ आणि मागे १०२ मिमी रुंद असलेली १६५ सेंमीची स्लॅलम स्की घ्या. टोकांच्या सरासरीपेक्षा कंबर प्रत्येक बाजूने २२ मिमी आत आहे. बर्फाला टेकणारी लांबी दीड मीटर धरली, तर त्रिज्या म्हणजे लांबीचा वर्ग भागिले आठ गुणिले ही खोली. उत्तर येतं सुमारे १२.८ मीटर. हे झालं स्की सपाट असताना. कडक बर्फावर ती ६० अंशात कलवली तर वळणाची त्रिज्या जवळपास निम्मी होते, म्हणजे साडेसहा मीटर. एवढं घट्ट वळण वेगात घेताना पायावर किती जोर येत असेल याची कल्पना करा. तो सगळा जोर बुटातून स्कीत जातो तो बाइंडिंगच्या वाटेने.

बाइंडिंगची कामं दोन आणि एकमेकांच्या विरुद्ध. बूट घट्ट धरून ठेवायचा, आणि पडल्यावर पाय पिळवटला जायच्या आत सोडायचा. पुढचा भाग बुटाचं नाक बाजूला निसटू देतो, मागचा भाग टाच वर सुटू देतो.

पहिली अडचण: स्कीवर ते बसतं कसं?

बहुतेकांची गाडी इथेच अडकते. स्की दोन प्रकारे विकल्या जातात. सपाट स्कीवर काहीच नसतं, तिच्यात ड्रिलने भोकं पाडून बाइंडिंग स्क्रूने बसवतात. दुसऱ्या प्रकारात स्कीवर कारखान्यातूनच रूळ किंवा प्लेट येते आणि बाइंडिंग त्यावर सरकवून किंवा तयार भोकांत स्क्रू लावून बसतं. अरुंद कार्व्हिंग स्की बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

आणि हे रूळ एकमेकांना चालत नाहीत. मार्करचं रुळावरचं बाइंडिंग टिरोलियाच्या रुळावर जाणार नाही, लुकचं सालोमनच्या रुळावर जाणार नाही. म्हणून कोण कोणाचं गोत्र आहे हे माहीत असलेलं बरं. फोलकल स्कीवर बहुधा मार्कर असतं. हेडचं बाइंडिंग म्हणजे टिरोलिया, आणि हेच टिरोलिया एलान आणि फिशरच्या नावाचं लेबल लावूनही येतं. रोसिन्योल आणि डायनास्टार लुकच्या घरातले. अ‍ॅटोमिक आणि सालोमन भावंडं. सेकंडहँड बाइंडिंगवर वेगळं नाव दिसलं तरी आतलं यंत्र ओळखता आलं, तर शोध खूप सोपा होतो.

प्लेट काढून थेट स्कीवर बाइंडिंग ठोकू, असा जुगाड सुचतो. मी तो टाळायला सांगेन. प्लेट फक्त बसवायची सोय म्हणून नसते, ती उंचीही देते, आणि अरुंद स्कीत उंचीला मोठा अर्थ आहे. बूट रुंद भागात १०० मिमी आणि स्की ६६ मिमी धरली तर बूट दोन्ही बाजूंना १७ मिमी बाहेर डोकावतो. स्कीच्या तळापासून बुटापर्यंतची उंची ३० मिमी असेल, तर साधारण ६० अंशांच्या कलाला बूटच बर्फाला घासायला लागतो. बूट टेकला की कड उचलली जाते आणि माणूस क्षणात आडवा. तीच उंची ५० मिमी केली तर हा कोन ७१ अंशांपर्यंत जातो. शर्यतीच्या नियमात स्की, प्लेट आणि बाइंडिंग मिळून उंचीची मर्यादा नेमकी ५० मिमी आहे, कारण नाहीतर लोक उंचच उंच चढवत गेले असते.

सपाट अरुंद स्की मिळालीच तर ड्रिलचं काम दुकानाला द्या. कुठल्या मापाचा ड्रिल वापरायचा हे बऱ्याच स्कीवर छापलेलं असतं: आत धातूचा पत्रा असेल तर ४.१ मिमी, नसेल तर ३.५, आणि खोली ९ मिमी. भोकं मारायला त्या-त्या बाइंडिंगचा साचा लागतो. आधीच भोकं असलेली स्की घेताना ती मोजा. जुन्या भोकांना खेटून नवीन भोक पाडलं तर स्क्रूला धरायला लाकूडच उरत नाही.

दुसरी अडचण: ब्रेक

बाइंडिंगच्या टाचेकडे दोन तारेसारखे हात असतात. बूट सुटला की ते खाली येऊन बर्फात रुततात, म्हणजे सुटलेली स्की उतारावरून कोणाच्या अंगावर जात नाही. हे हात स्कीच्या दोन्ही कडांच्या बाहेरून खाली यायला हवेत, म्हणून ब्रेक कमरेएवढा किंवा थोडा जास्त रुंद हवा. सर्वसाधारण सल्ला असा की जास्तीत जास्त १० ते १५ मिमी जास्त.

आता बाजार बघा. स्की रुंद होत गेल्या तसे सुट्या विकल्या जाणाऱ्या बाइंडिंगचे ब्रेकही ९०, १००, ११० असे वाढत गेले. ६६ मिमीच्या स्कीवर ९५ चा ब्रेक लावला तर प्रत्येक बाजूला साडेचौदा मिमी धातू बाहेर. खोल कलताना तो बर्फात घासतो, आणि पाय जवळ आले की दोन्ही स्कींचे ब्रेक एकमेकांत अडकू शकतात. वाकवून आत घेणारे महाभाग आहेत, पण ब्रेक उघडतो-मिटतो तो ठरलेल्या मापात, त्याला वेडावाकडा केल्यावर तो वेळेवर उघडेल याची हमी कोण देणार? त्यापेक्षा त्याच मॉडेलचा अरुंद ब्रेक सुटा मिळतो का ते बघा. लुक पिव्हॉटला ७५ मिमीचा ब्रेक आहे, आणि शर्यतीसाठीच्या बाइंडिंगना मुळातच अरुंद ब्रेक येतात.

तिसरी: बुटाचा तळवा

टाइप-सीची उपमा इथे तंतोतंत बसते. पारंपरिक अल्पाइन तळवा सपाट, कडक प्लास्टिकचा. त्याचं मानक आयएसओ ५३५५. चालायला सोपा, पुढून किंचित वर वळलेला रबरी ग्रिपवॉक तळवा आयएसओ २३२२३ मध्ये येतो. डोंगर चढायच्या टूरिंग बुटांचा ९५२३ हा तिसराच. लांबून तिन्ही सारखे दिसतात आणि बऱ्याचदा जोर लावला तर ‘खट्’ आवाजही येतो. पण पडताना बुटाचं नाक ज्या पट्टीवरून घसरून सुटायचं, तिच्यावर चुकीचा तळवा अडकतो. बाइंडिंगवर ग्रिपवॉक असं लिहिलेलं असेल तर पहिले दोन्ही चालतात. शर्यतीची बरीच बाइंडिंग मात्र फक्त ५३५५ घेतात.

माझ्या एका नाशिककर मित्राला ६६ मिमीची सपाट स्लॅलम स्की मिळाली होती, आणि दुसऱ्याच विक्रेत्याकडून बाइंडिंगही. बाइंडिंग रुळावरचं, ब्रेक ९५ चा, आणि त्याचे बूट ग्रिपवॉकवाले. तिन्ही ठिकाणी फसलेलं. दुकानदाराने हात लावायला नकार दिला, आणि माझ्या मते बरोबर केलं. शेवटी त्याने स्कीच्याच कंपनीची प्लेट आणि तिच्यावर बसणारं शर्यतीचं बाइंडिंग घेतलं. नशिबाने त्याच्या बुटाचे तळवे बदलता येत होते, ते अल्पाइन करून घेतले. एवढ्या पैशात बाइंडिंगसकट अख्खा सेट आला असता हे तो स्वतःच सांगतो.

चौथी: डिनचा आकडा

बाइंडिंगवर एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात आकडा. याला लोक डिन म्हणतात. किती जोरात बूट सुटायचा ते हा आकडा ठरवतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि तुम्ही सावकाश जाणारे की आक्रमक, यावरून आयएसओ ११०८८ च्या तक्त्यात तो काढतात. फोनवर हा आकडा काढणारी कॅल्क्युलेटर आहेत. अंदाजासाठी वापरा, पण त्यावर विसंबून स्क्रू फिरवू नका. दुकानातलं मशीन बूट खरोखर पिळून बघतं की तो किती जोराला सुटतो. खिडकीतला आकडा आणि खरा जोर यांत जुन्या बाइंडिंगमध्ये फरक पडू शकतो.

अरुंद स्कीवाल्यांची खास अडचण अशी की शर्यतीच्या बाइंडिंगची पट्टी बरीच वरून सुरू होते, उदाहरणार्थ ६ ते १६. साठ किलोच्या नवशिक्याचा आकडा त्या पट्टीच्या खाली किंवा अगदी तळाला येतो. आपला आकडा पट्टीच्या मधल्या भागात पडेल असं बाइंडिंग निवडायचं. जास्त आकड्याचं बाइंडिंग म्हणजे जास्त भारी, असा एक समज पोरांमध्ये आहे, तो सोडा. आणि हेही माहीत असू दे: हे सगळं गणित मुख्यतः नडगीचं हाड वाचवण्यासाठी आहे. गुडघ्यातल्या अस्थिबंधाची दुखापत नेहमीचं बाइंडिंग खात्रीने टाळू शकत नाही.

टाचेकडच्या भागाचा बुटावर पुढे येणारा दाबही बरोबर लागतो. त्यासाठी बाइंडिंगवर एक खूण किंवा स्क्रू असतो, बूट आत असताना तो कुठे दिसायला हवा हे मॉडेलप्रमाणे बदलतं. हे दोन मिनिटांत तपासून होतं, तरी बहुतेक जण तपासत नाहीत.

सेकंडहँड घेताना विक्रेत्याकडून चार फोटो मागवा: कमरेजवळचा मापांचा मजकूर, बाइंडिंगचं नाव आणि डिनची पट्टी, रूळ किंवा प्लेट वरून, आणि ब्रेक मागून. तुमच्या बुटाच्या टाचेवर किंवा बाजूला ३०५, ३१५ असा आकडा कोरलेला असतो, तोही फोटो काढून फोनमध्ये ठेवा. बाइंडिंग फार जुनं असेल तर दुकान ते सेट करायलाच नकार देऊ शकतं. कंपन्या कुठल्या मॉडेलची जबाबदारी घेतात याच्या याद्या असतात आणि जुनी नावं त्यातून गळत जातात.

गुलमर्गला जायचा बेत असेल तर अरुंद कार्व्हिंग स्कीच्या मागे लागू नका. वरच्या भागातला ताजा, खोल बर्फ तिला गिळून टाकतो, तिला हवा असतो मशीनने दाबलेला कडक उतार. तिथे भाड्याने मिळेल ते रुंदच बरं. पण काउंटरवर वजन खरं सांगा, आपण किती शिकलोय तेही खरं सांगा, आणि ते बाइंडिंगचा स्क्रू फिरवत असताना खिडकीतला आकडा दोन्ही पायांच्या स्कीवर बघून घ्या.