तेरच्या मृण्मूर्ती

सास्तूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठे शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाई.

परंतु त्या शहरातील माणसे दिसत कशी? याचे उत्तर तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातील मृण्मूर्ती देतात. यांतील पांढऱ्या केओलीन मातीच्या सातवाहनकालीन मूर्ती पुढचा व मागचा असे दोन साचे वापरून घडविलेल्या आहेत. आत पोकळी राहिल्याने त्या भाजताना तडकत नसत. केसांची ठेवण, कानांतील दागिने, सारे त्यांत स्पष्ट दिसते. दुहेरी साच्याच्या या रीतीत अनेक अभ्यासकांना रोमन जगाशी आलेल्या संबंधाची खूण दिसते.

हे धन हाती राहिले ते लामतुरे यांनी गावच्या पांढरीतील वस्तू चिकाटीने गोळा केल्या म्हणून. गोरोबाकाका कुंभारांच्या गावी मातीचा असा मान राहिला, हे उचितच होय.

आम्हा सास्तूरकरांची घरे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात कोसळली. माणसे गेली, पिढ्यांच्या वस्तूही ढिगाऱ्यात गेल्या. ज्या उरल्या, ते रांजण, ती जाती, ते पोळ्याचे मातीचे बैल, त्या कोणाच्या, कोणी घडविल्या, हे आपण लिहून ठेवले पाहिजे. तगरच्या कारागिरांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. आपल्या कुंभारांची तरी राहोत.