कुत्र्याची साक्ष : रहस्यकथेतून चांद्याच्या जंगलात

रहस्यकथेतला कुत्रा आणि चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल, या दोघांचा संबंध काय, असं आजचा विषय वाचून काहींनी विचारलं. संबंध आहे, आणि तो कोर्टापर्यंत जातो. पण सुरुवात गोष्टींपासून करू.

इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ नावाचा एक प्रकार भरपूर खपतो. लहानसं गाव, एक खून, गोंधळलेले पोलीस. शोध कोण लावणार, तर एखादी बेकरीवाली बाई किंवा निवृत्त मास्तरीण, आणि बरोबर तिचा कुत्रा. रक्त फारसं दिसत नाही, गुन्हेगार सापडतो आणि सगळे चहाला बसतात. मराठीत हा प्रकार जसाच्या तसा रुजला नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोचवले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा तर अस्सल हौशी शोधक, पण त्याची खरी जोडी सायकलशी. माग काढणारा कुत्रा मराठी वाचकाला भेटला तो मुख्यतः शेरलॉक होम्समुळे.

होम्सच्या ‘द साइन ऑफ फोर’ या १८९०च्या कादंबरीत टोबी नावाचा एक मिश्र जातीचा कुत्रा आहे. गुन्हेगाराचा पाय क्रिओसोट या उग्र वासाच्या तेलात पडलेला असतो. टोबी तो वास धरून लंडनभर धावतो आणि शेवटी एका लाकडाच्या वखारीत, क्रिओसोटच्याच पिंपापाशी जाऊन ऐटीत थांबतो! होम्स आणि वॉटसनला हसू आवरत नाही. (बल्लारशाचा सागवान डेपो पाहिलेल्यांना हा प्रसंग जास्तच रंगून वाचता येईल.) कुत्र्यानं वास बरोबर धरला होता, पण माणूस चुकला. गोष्टीत हे विनोदी वाटतं, कारण शेवटी पिंप होतं. पिंपाला कोणी अटक करत नाही. तिथं एखाद्याचं घर असतं तर?

हा प्रश्न आपल्याकडे कुत्र्यांच्याही आधीचा आहे. एल्फिन्स्टनने १८१९मध्ये पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाबद्दल अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याची रीत सांगितली आहे. चोरी झाली की जागल्यानं पावलांवरून माग काढायचा आणि माग शेजारच्या गावात शिरला की तो तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. ज्या गावात माग संपला, ते गाव जबाबदार. चांदा तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता, त्यामुळे हा वृत्तांत थेट इथला नाही. पण त्यातला तर्क ओळखून ठेवू या : माग जिथं संपतो, तिथं दोष चिकटतो.

मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९मध्ये, डॉबरमन कुत्र्यांपासून सुरू झालं. आणि दहाच वर्षांत, १९६९ साली, महाराष्ट्रातल्याच अब्दुल रजाक दफेदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला : कुत्र्यानं आरोपी ओळखला, याला किती वजन द्यायचं? न्यायालयानं अशा पुराव्यावरचे तीन आक्षेप मांडले. कुत्रा शपथ घेऊन पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याचं म्हणणं हॅण्डलर सांगतो, म्हणजे ती ऐकीव गोष्ट झाली. माणसाचं आयुष्य किंवा स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगता येत नाही. आणि तिसरा आक्षेप आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : या प्रकाराचा बघणाऱ्यांच्या मनावर त्याच्या मोलापेक्षा फार जास्त परिणाम होतो. असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला फारसं वजन नाही, असं न्यायालयानं म्हटलं. पुढं २००१च्या एका निकालात हेच अजून स्पष्ट झालं. तपासात कुत्र्याची मदत जरूर घ्या. न्याय करताना त्यावर विसंबू नका.

याचा अर्थ कुत्रा कुचकामी, असा नाही हं. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर झंजीर या लॅब्रॅडॉरच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद आहे. गडचिरोलीत रस्त्याखालचे भूसुरुंग हुंगणारी कुत्री जवानांच्या पुढं चालतात. वन्यजीव गुन्ह्यांसाठी २००८पासून देशात खास कुत्री तयार होऊ लागली. ती वाघाची हाडं, कातडी शोधतात. या सगळ्यात कुत्रा वस्तू दाखवतो. वस्तू हाती आली की तीच बोलते, कुत्र्याच्या शब्दाची गरज उरत नाही. कुत्रा माणूस दाखवतो तेव्हा मात्र हाती काहीच येत नाही. येतो फक्त एक माणूस.

आता आपल्या जंगलात या. रानडुकरासाठी लावलेल्या विजेच्या तारेत वाघ मेला, समजा. कुत्रा आणला. तो तारेपासून निघाला, पायवाटेनं गावात आला आणि एका झोपडीपुढं बसला. गाव बघतंय. निकाल तिथंच लागतो! त्या घरच्या बाईला दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोण बोलेल?

पण वासानं सिद्ध काय झालं? एवढंच की तो माणूस त्या वाटेनं गेला होता. अहो, जाणारच. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्त्याला अर्धं गाव त्याच वाटेवर असतं. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर तर हे जाणं हक्काचं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. रहस्यकथेतल्या बंद बंगल्यात परका वास पकडणं सोपं असतं. जंगलात परका कोण?

आणि हौशी शोधकच म्हणाल तर तो इथं गावोगाव आहे. गुराख्याला ठसा कालचा की आजचा ते कळतं, त्याचं कुत्रं कोणत्या झुडपाकडं बघून मागं सरलं यावरून बिबट्या कुठं आहे तेही कळतं. असा माणूस अनेकदा संशयितांच्या रांगेत उभा केला जातो, पंचांच्या रांगेत क्वचितच.

म्हणून हॅण्डलर साक्षीला आला की विचारायचे प्रश्न साधे आहेत. घटना आणि कुत्रा येणं यात किती तास गेले? मध्ये पाऊस पडला का? कुत्र्याच्या आधी तिथं किती माणसं तुडवून गेली? संशय कोणावर आहे, हे हॅण्डलरला आधीच माहीत होतं का? आणि त्या दिवशी पहाटे मोहाला त्या वाटेनं कोण कोण गेलं होतं?